काढून टाकलेली बोली

३ डिसेंबर २००६, रविवार

विनीतने न बघितलेल्या जीपवर बोली लावली. सायबर कॅफेत बसून, कॉम्प्युटरवरच्या लिलावात. मी नको म्हटलं, तर त्याने बोलणंच बंद केलं. घरात माणसं दोन, त्यातलं एक बोलत नाही — म्हणून लिहायला घेतलं.

त्याचं म्हणणं चूक नाही. मुंबईची नोकरी सोडली, आता पोलादपूर–महाबळेश्वर प्रवासी गाडी चालवायची आहे, नवी जीप परवडत नाही. पुरात हे गेले त्याला दीड वर्ष होत आलं. तेव्हापासून मुलगा महाडातच राहिला, माझ्यासाठी. तो ते बोलून दाखवत नाही. मीही विचारत नाही.

४ डिसेंबर

जेवताना बोलला. "आई, तू एकदा बघ तरी." एवढंच.

५ डिसेंबर

कॅफेत गेले. चालवणारी प्रियदर्शिनी माझी जुनी विद्यार्थिनी, तिने खुर्ची पुसून दिली.

जीप फोटोत चकचकीत. विकणारा नागपूरचा म्हणे. नाव नाही, टोपणनाव. बोली लावणाऱ्यांचीही टोपणनावंच, कोण कुठला कुणालाच कळत नाही. आमचे चिरंजीव 'घाटराजा'. हसू यायला हवं होतं, आलं नाही.

लिहिलंय — एकहाती वापर, अपघात नाही, बदली झाल्याने विक्री. किंमत बाजाराच्या निम्मी. सगळे फोटो एकाच बाजूने. नंबरप्लेटवर कागद. कागद का, विचारलं तर विनीत म्हणाला, सगळेच झाकतात.

फोन लावायला लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. गाडी बघायला यायची गरज नाही, ट्रान्सपोर्टने घरपोच येईल. बयाणा मात्र लगेच बँकेत भरा, मागे आणखी लोक थांबलेत. नागपुरातल्या एखाद्या गॅरेजवाल्याला दाखवू का, विचारलं. तर — "मॅडम, आप विश्वास रखिए."

वही घरी राहिली म्हणणाऱ्या मुली असंच घाईघाईने बोलायच्या. मी विनीतला सांगितलं, ही जीप नाही, हा फोटो आहे. तो पुढे निघून गेला. मी एकटी चालत आले.

६ डिसेंबर

संध्याकाळी मुरारी आला. माझा धाकटा दीर. येताना नेहमीसारखी भाजी घेऊन. पुरात ह्यांना शोधून काढलं ते त्याने. नंतरचे सगळे खेटे त्यानेच घातले — पंचनामा, दाखले, मदत. मी तेव्हा नुसती बसून होते.

त्याला नागपूरच्या जीपचं सांगितलं, घाटराजाचंही सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही. म्हणाला, "घेऊ देऊ नका त्याला, वहिनी. असल्या लिलावांचं काय खरं नसतं."

कुणीतरी माझ्या बाजूने बोललं! विनीत मात्र काकावर उखडला.

७ डिसेंबर

घाटराजाची बोली विकणाऱ्याने काढून टाकली. सगळ्यात वरची होती, तरी. विनीतला वाटतं मी फोन करून मोडता घातला. मी नाही घातला.

दुपारी पडून विचार केला. बोली काढून टाकणारा ठक कसा? गळाला लागलेला मासा कोण सोडतं? ज्याला मासा ओळखीचा निघाला, तोच.

पुन्हा कॅफेत गेले. प्रियदर्शिनीला म्हटलं, फोटो मोठा करून छापून दे. जीप बघितली नाही, जीपमागची भिंत बघितली. जीपच्या टपाच्या वर लाल रेघ. रेघेवर अर्धवट तारीख, '...लै २००५'. तारखेखाली दोन आडव्या रेघा.

तारखेखाली दोन रेघा मी मारते. फळ्यावरही मारायचे.

पुरानंतर शाळा सुरू झाली तेव्हा नववीच्या मुलींना घेऊन भिंतीभिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते मी ऑइलपेंटने लिहून घेतलं. तेवढंच काय ते मला त्या दिवसांत करता आलं. ही भिंत नदीकडच्या बंद भातगिरणीची. तिथे मुलींचा हात पुरेना, म्हणून मी स्वतः शिडीवर चढले.

शिडी मुरारीने धरली होती.

८ डिसेंबर

एकटीच गिरणीवर गेले. विनीतला सांगितलं नाही. राखणदार भिकू ओळखीचा. जीप कुणाची, विचारलं.

"मुरारीशेटची हाय, बाई. भंगारातनं आणली. पुरात पार बुडलेली. लय मेहनत घेतली शेटनी. आता नवी वाटतीय का नाय?"

वाटते. आत अत्तराचा वास. मॅटिंग नवं. सीटबेल्ट ओढला. सुरुवातीला स्वच्छ. ओढत गेले, अगदी मुळाशी गेले — तिथे करडा, वाळलेला गाळ. घरातल्या सतरंज्या आतल्या घडीत अशाच निघाल्या होत्या. पाणी गुंडाळीच्या आत जाऊन बसतं. बाहेरून कितीही धुवा.

ब्रेकचं विचारलं. भिकू म्हणाला, "कधी लागतो, कधी नाय. पन आपल्या घाटात कुठं जानारे ती? गिऱ्हाईक भायेरचं हाय."

गाळ बोटाला लागला होता. घरी येऊन हात धुतला. स्वयंपाक केला.

९ डिसेंबर

मुरारीला बोलावलं. आला तो ह्यांचा करडा स्वेटर घालून. गेल्या थंडीत मीच दिलेला. मी छापलेला फोटो समोर ठेवला आणि रेघेवर बोट ठेवलं.

नाकबूल झाला नाही. पुरानंतर धंदा बसला, ही पहिलीच गाडी, फोनवरचा माणूस ओळखीचा, असं बरंच सांगितलं. मग म्हणाला, घाटराजा म्हणजे विनीत हे त्याला काय ठाऊक! कळल्या रात्रीच बोली काढली की नाही? काढली. ते खरं आहे.

आता दुसरा तयार झालाय. लातूरकडचा. बायको-मुलांना घेऊन फिरायला गाडी हवी आहे त्याला. सोमवारी बयाणा भरणार.

मी म्हटलं, "ब्रेक लागत नाहीत, मुरारी."

"तिकडे सपाटी आहे, वहिनी. आणि तो आपला कोण लागतो?"

मी रेघेवरचं बोट उचललं नाही, तेव्हा त्याचा आवाज चढला. "दादाला पाण्यातून मी काढला. ह्या खांद्यावर आणला. विसरलात?"

"नाही विसरले. म्हणून आधी तुला बोलावलं. पोलिसांना नाही."

सोमवारी सकाळी माझ्याबरोबर ठाण्यात चल, म्हटलं. नाही आलास तर मी एकटी जाईन. लातूरवाल्याचा नंबर मागून घेतला. त्याने दिला. चहा तसाच ठेवून गेला.

मला रडू आलं नाही. राग तरी यायला हवा होता. भाजी निवडत बसले — त्यानेच आणलेली.

१० डिसेंबर

लातूरला फोन केला. त्या गृहस्थाला आधी वाटलं, मीच ती जीप लाटायला बघतेय. मी म्हटलं, ब्रेक लागत नाहीत, बयाणा भरण्याआधी येऊन सीटबेल्ट मुळापर्यंत ओढून बघा. मग त्याने गिरणीचा पत्ता लिहून घेतला. मागे लहान मूल बोलत होतं.

विनीतला सगळं सांगितलं. तो पायरीवर बसून राहिला. मग विचारलं,

"काकाने माझी बोली काढलीच नसती तर?"

"तर मला कळलं नसतं."

"आणि मी ती घाटात नेली असती."

"हो."

११ डिसेंबर, सोमवार

मुरारी आला. दाढी करून. विनीत, तो आणि मी चालत गेलो.

ठाण्यात दिलं ते — फोटोची छापील प्रत. जीपच्या दोन्ही किल्ल्या. मुरारी.

आत जाण्याआधी त्याने ह्यांचा स्वेटर काढला, घडी घालून माझ्या हातात दिला. मी तो परत दिला. आत रात्री गार असतं.