उंबऱ्यावरचे चार प्रश्न

४ फेब्रुवारी
पोचले एकदाची बहारीनला. अमवाज बेटावर व्हिला, खोलीच्या खिडकीतून समुद्र, एसी माझ्या हातात आणि स्वयंपाकघरात रत्नागिरीची मसूदा. आल्या आल्या तिने सुरमईचं कालवण वाढलं आणि फ्लोरीबाय म्हणून हाक मारायला लागली. वसई सोडताना रडले होते ते वायाच गेलं म्हणायचं.

काम एका म्हातारीचं. म्हणे राणी! जन्म जर्मनीतला, लग्न कुठल्याशा डोंगराळ देशाच्या राजाशी. राजा मेला, लोकांनी राज्य मोडलं, बाईला हाकललं. आता कोणी लांबचा भाचा तिला इथे पोसतो. तिला आंघोळ घालायची, औषधं द्यायची, व्हीलचेअर ढकलायची आणि वर युवर मॅजेस्टी म्हणायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मे महिन्यात चर्चमध्ये माझ्या जेनिसची फर्स्ट होली कम्युनियन आहे. तेवढी रजा कबूल करून घेतल्यावरच मी सही केली. लेकीला पांढऱ्या फ्रॉकात बघायला मिळणार असेल तर मी कोणालाही मॅजेस्टी म्हणेन.

११ फेब्रुवारी
सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते हिला बघूनच कोणाला तरी सुचलं असणार. चहा उजव्या बाजूनेच द्यायचा, तिच्याकडे पाठ करायची नाही. डायपर बदलत असते मी, आणि ही छताकडे बघत हुकूम सोडत असते.

आज लग्नाची कहाणी ऐकवली. परक्या देशाची मुलगी राणी होणार म्हणून तिला महालाच्या उंबऱ्यावर अडवलं आणि चार गोष्टी सोडतेस का ते विचारलं. अंगावरचे कपडे, नाव, भाषा आणि माणसं. चारही वेळा ती हो म्हणाली, तेव्हा आत घेतलं. सोडलेलं परत मागता येत नाही म्हणे. दुसऱ्या कोणी स्वतःचं सोडलं, तर ते मात्र घेता येतं. मग मला हॉलच्या उंबऱ्यावर उभं केलं आणि इंग्रजीत विचारलं, कपडे सोडतेस का. चर्चमध्ये ईस्टरच्या मिस्सेत फादर विचारतात सैतानाला सोडता का, आणि आपण दुपारच्या मटणाचा विचार करत आय डू म्हणतो, तसं मी म्हटलं. म्हातारीचं मन राखलं, झालं.

१९ फेब्रुवारी
दोरीवरचा माझा पिवळा गाऊन म्हातारीच्या अंगावर. माझ्या कपाटात तिचे मखमली झगे, माझा एकही कपडा नाही. मसूदाचेच उद्योग म्हणून तिला झापलं. तिने अल्लाची शपथ घेतली. शेवटी मखमल घातली, उघडी फिरू काय? आरशात नुसतं ध्यान दिसतंय. एक मात्र नवल, ती एवढीशी आणि मी ही अशी आडवी, तरी झगा मला अगदी बरोबर बसला.

संध्याकाळी परत उंबरा. नाव सोडतेस का? आय डू, बाई, आय डू. एकदाची सूप पी आणि झोप.

५ मार्च
मसूदा म्हातारीला फ्लोरीबाय म्हणते आणि मला मॅडम. आधी वाटलं, टिंगल करतेय. रागावले तर घाबरली, मान खाली घालून माफी मागितली. म्हातारी आता व्हीलचेअर सोडून चालते, माझ्या चपला घालून. माझ्या रेसिडेंट कार्डावर नाव माझं आहे, फोटो तिचा आहे. पासपोर्टवरही तिचाच.

पायसला फोन लावला. एवढ्या वर्षांचा संसार, आणि माझ्या नवऱ्याने विचारलं कोण बोलतंय. मला पटकन सांगता आलं नाही.

६ मार्च
भाच्याच्या ऑफिसला सगळं सांगितलं. तिथला माणूस अदबीने म्हणाला, मॅडमनी विश्रांती घ्यावी.

यापुढे तिच्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. तोंड शिवून घेईन. भाषा गेली तर मी जेनिसशी बोलू कशी?

२० एप्रिल, ईस्टर
इतके दिवस गप्प राहिले. रोज विचारायची, मी भिंतीकडे बघायची.

आज चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वचनं परत घ्यायची होती. सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या. ती माझ्या शेजारी, माझ्या रविवारच्या कपड्यांत. फादरनी विचारलं, सगळे आय डू. परत विचारलं, आय डू. मधेच कानाशी तिचा आवाज, भाषा सोडतेस का — आणि सगळ्यांबरोबर माझ्याही तोंडातून — लहानपणापासूनची सवय ती. देवा, मी काय केलं.

ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, थेट माझ्या आईच्या हेलात, की एवढी वर्षं मिस्सा करून बाईला साधं ऐकायलासुद्धा येत नाही.

२६ एप्रिल
शब्द जातायत. खिडकीतलं ते — मोठं पाणी, मासे असतात ते — त्याला काय म्हणतात. मसूदा बोलते, आवाज ऐकू येतो, अर्थ नाही. जर्मन कळतं. कधी शिकले —

जेनिस. जेनिस. माझी लेक. माणसं सोडणार नाही. हे एवढं तरी —

२ मे
ती बॅग भरते. माझी रजा. माझी —

उंबऱ्यावर तिने काही विचारलं. माझ्याच भाषेत विचारलं. कळलं नाही. हसून बोलली. पाणी हवं का, असं काही असेल. तहान लागली होती. मान डोलावली —

३ मे
बॅग दाराशी. तिच्या हातात फोन, फोनमध्ये छोटी मुलगी. पांढरा फ्रॉक. पुढचा दात पडलेला. गोल गोल फिरून दाखवते. त्या बाईला आई म्हणते. दोघी हसतात. मी मागे, खुर्चीत. हात वर केला. मुलीने बघितलं. घाबरली. का घाबरली. गोड आहे. कोणाची —