सहाव्या नंबरची जागा

केंब्रिज, १८८७

२ फेब्रुवारी, बुधवार
आजपासून कडक ट्रेनिंग. तंबाखू बंद, पुडिंग बंद, जेवताना बिअर एकच पेला. कॉलेजच्या होडीत वल्हवणारे आठ, आणि कॅप्टन थर्लोने मला ठेवलंय नववा. राखीव! म्हणतो, टिबेट, तुझं वल्हं सगळ्यांच्या मागून पाण्यात पडतं. वास्तविक ते आठजण घाई करतात.

३ फेब्रुवारी
पुडिंग खाल्लं. त्यात मनुका होत्या, आणि मनुका म्हणजे फळच. ट्रेनिंग सोमवारपासून. आठवड्याच्या मध्येच सुरू करणं अशास्त्रीय.

८ फेब्रुवारी, मंगळवार
दिवसभर बर्फाळ पाऊस. तरी सराव झाला. मी काठावरून छत्रीखाली बारकाईने निरीक्षण केलं. सहा नंबरवर ॲम्ब्रोज रॅग, माझ्या समोरच्या खोलीतला. माणूस भला, पण पाठ वाकवतो. संध्याकाळी माझ्या शेकोटीपुढे कुडकुडत बसला होता. चहा करून दिला. वल्हवण्याचं माझं शास्त्र तासभर ऐकून घेतलं, एकदाही हसला नाही. इतरांनी शिकावं त्याच्याकडून.

१२ फेब्रुवारी
रॅग खोकतोय. पाठ वाकवल्यावर दुसरं काय होणार? खोल्या झाडणाऱ्या मिसेस पेग म्हणाल्या, अहो साहेब, छातीत उतरलंय त्यांच्या, डॉक्टर बोलवा. बाईंना उगाच घोर लावून घ्यायची सवय.

१५ फेब्रुवारी
डॉक्टर येऊन गेले. न्यूमोनिया. म्हणजे सहावी जागा रिकामी. मला कसलाही आनंद झालेला नाही, हे इथे नमूद करतो. वल्हवायची फ्लॅनेलची विजार मात्र धुवायला टाकली.

१७ फेब्रुवारी
थर्लो आला! उद्यापासून सहा नंबरवर मी. वर म्हणाला, एवढा फुगू नकोस, रॅग पडल्या पडल्या तुझाच जप करतोय, आजारी माणसाला नाही म्हणवेना. बिचाऱ्या थर्लोला तोंडभर कौतुक करता येत नाही, म्हणून रॅगचं निमित्त. रात्री एक पाइप ओढला. आनंदाचा, व्यसनाचा नव्हे.

२२ फेब्रुवारी, मंगळवार
वल्हं पाण्यात अडकलं, दांडा पोटात बसला, होडी आडवी. थर्लो नदीभर ऐकू जाईल असा ओरडला, गाढवा, वल्हं आहे ते, सूप ढवळायचा चमचा नाही! जुनं वल्हं दिलं की असंच व्हायचं. रॅगला जाऊन सांगितलं, सगळं झकास चाललंय. हसला, की लगेच खोकल्याची उबळ. म्हणाला, होरेस, बस ना जरा. पण ट्रेनिंगमध्ये लवकर झोपावं लागतं. उठलो. शर्यती संपल्या की रोज बसेन त्याच्यापाशी.

१ मार्च, मंगळवार, सकाळ
आज शर्यत. पुढच्या होडीला मागून गाठायचं आणि धडक मारायची, बस्स. न्याहारीला बीफ होतं, पण घास उतरेना. ही उत्सुकता.

त्याच दिवशी, दुपार
रॅग गेला. मिसेस पेग ॲप्रनने डोळे पुसत सांगायला आल्या. कॉलेजने होडी शर्यतीतून काढून घेतली. माझ्या मनात पहिला विचार आला तो शर्यतीचाच. शी! लिहायला नको होतं हे.

४ मार्च, शुक्रवार
दफन. होडीतल्या आठांनी खांदा दिला. त्या आठांत मी.

रॅगचे वडील लिंकनशायरचे, कापडाचं दुकान आहे, होड्यांतलं काही कळत नाही. रविवारी त्याला भेटून गेले होते. कबरीपाशी विचारलं, माझ्या मुलाच्या जागेवर कोण बसलं होतं? थर्लोने माझ्याकडे बोट केलं. म्हातारबुवांनी माझा हात धरला. म्हणाले, बाळ, टिबेट आहे म्हणजे काळजी नाही, असं म्हणत होता आमचा ॲम्ब्रोज. मंगळवारी काय झालं मग?

होडी पाण्यात उतरलीच नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, धडक मारली, साहेब. दुसऱ्याच वळणावर.

मागे सातजण उभे होते. एकानेही तोंड उघडलं नाही. थर्लो जमिनीकडे बघत राहिला. म्हातारबुवा माझा हात न सोडता ढसाढसा रडले. मीही.

समोरच्या खोलीला कुलूप लागलंय. मला वल्हवता येत नाही. ॲम्ब्रोजला ते पहिल्यापासून माहीत होतं, तरी त्याने माझं नाव सांगितलं. आणि तो बस म्हणाला, तेव्हा मी उठून आलो.