मामाजींचं जंगल

२८ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

मामाजींनी पुन्हा गॅस सुरू ठेवला! दूध गेलं, भांडंही गेलं. तिगावहून शेजारच्या चंद्रकलाबाईंचा फोन — "प्रज्ञा, बुढ्यावर ध्यान ठेवा बाप्पा, एखाद दिवशी घर पेटवीन."

माझा नवरा सुमेध म्हणतो, बाबांना आता सौंसरला आपल्याकडेच आणू, तिगावच्या घराला कुलूप लावू. मामाजी म्हणतात, "मी का कापसाचं गाठोडं हाओ? उचललं का ठेवलं?"

दोघंही बरोबर. मी कुणाच्या बाजूची, मलाच कळत नाही.

डॉक्टर म्हणाले, जुन्या ओळखीच्या जागी नेऊन बघा, किती आठवतं ते दिसेल. जुनी जागा म्हणजे कर्माझिरी. पेंचच्या त्या भागात सासरे सव्वीस वर्षं वनरक्षक होते. निवृत्तीनंतर एकदाही गेले नाहीत. का — ते कधी विचारलं नाही आपण.

३० नोव्हेंबर, शनिवार

बसस्टँडजवळ अंकुशचं टूरचं दुकान आहे. परमिट, जिप्सी, गाईड, सगळं तोच बघतो. बजावून सांगितलं, कर्माझिरीचंच गेट पाहिजे. "मिळून जाईन ना वयनी! तुमी फक्त आधार कार्डं द्या."

संध्याकाळी मामाजींना फोन केला. म्हणाले, "माह्याच जंगलात मी तिकीट काढून जाऊ?" आणि हसले. खूश झाले की दुखावले? फोनवर काही कळलं नाही.

सुमेधशी ठरलं आहे — जंगल ओळखू आलं तर तिगावलाच राहू द्यायचं. नाही आलं तर कुलूप. मामाजींना यातलं काही सांगायचं नाही.

म्हणजे परीक्षाच की! आणि पेपर मी काढून राहिले.

५ डिसेंबर, गुरुवार

अंकुशचा फोन. कर्माझिरी नाही, रुखडचं गेट! मी चिडले. तो म्हणाला, "आतून समदं एकच हाय वयनी. जंगलाले का भिंती असतात?" भिंती नसतात, खरं आहे. मग गेटं वेगळी कशाला? पण नगरपालिकेची बातमी सहापर्यंत नागपूरला पेपरकडे पाठवायची होती. वाद सोडला.

८ डिसेंबर, रविवार

आत्ताच परतलो. अंग दुखतंय, पण लिहूनच झोपते.

गेटवर पाटी स्पष्ट होती — रुखड. मामाजींनी कानटोपी सारखी केली, इकडेतिकडे पाहिलं. "हेच. कर्माझिरी हेच." मी पाटी दाखवली. "पाटी बदलली असन. झाडं थोडी बदलतात?"

आत गेल्यावर तर माणूसच वेगळा! आमच्या पुढच्या बाकावर नागपूरचं जोडपं होतं. ते चितळांचे फोटो काढत सुटले, तर मामाजी म्हणाले, "बकऱ्या हायेत ह्या इथल्या. जरा पुढं चला." एका नाल्याशी जिप्सी थांबवली. "इथं माही चौकी होती. पाऊस आला का दोन दोन दिवस नाला उतरे नाही."

गाईड शालिकराम मागे वळला. "इथं, काका?"

"नाही तं का तुह्या घरी?"

सगळे हसले. शालिकराम हसला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा मला त्याचा राग आला.

पुढे धुळीत ठसे होते. मामाजींनी वाकून बघायचा अवकाश — "मादी हाय. सकाळीच गेली. पाय ओढून राहिली थोडा, मागचा." आता शालिकराम ताडकन उभा राहिला. "बरोबर, काका! लंगडतेच ती." त्यानंतर तो मामाजींनाच विचारत होता, कुठे थांबू, कुठे बघू.

वाघीण दिसली नाही. काय फरक पडतो! सुमेधचे डोळे भरले होते. मीसुद्धा डोळे पुसले, धुळीचं निमित्त करून.

९ डिसेंबर, सोमवार

सुमेध बाबांना तिगावला सोडून आला. नवा गॅस लायटर, नवं पातेलं. कुलूप रद्द.

१० डिसेंबर, मंगळवार

तीस वर्षं दोन ठिकाणी तपासल्याशिवाय बातमी पाठवली नाही. रविवारच्या पानासाठी हा प्रवास लिहायचा म्हणून नकाशा काढला.

कर्माझिरी कुठे, रुखड कुठे! आपण फिरलो तो रस्ता कर्माझिरीला जातच नाही. मध्ये गावं, शेतं, हायवे.

मग कुठला नाला? कुठली चौकी? मामाजी त्या रस्त्यानं आयुष्यात कधी गेले नसतील — आणि तरी सगळं "ओळखलं"! मग ठसे कसे बरोबर सांगितले? सगळं गेलंय की सगळं शाबूत आहे? सुमेधला सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोनदा "काही नाही" म्हटलं.

अंकुशला फोन. उचलत नाही.

११ डिसेंबर, बुधवार

दुकान बंद. लेख पाठवला नाही. संपादकांना सांगितलं, तपासायचं आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

अंकुश भेटला. आधी टोलवाटोलवी, मग बोलला. गेट त्यानं स्वतःहून बदललंच नव्हतं. तीन तारखेला मामाजी दोन बस बदलून एकटे त्याच्या दुकानात आले होते. "कर्माझिरी सोडून कोणतंबी दे. सुनेले सांगू नको." त्यानं कारण विचारलं.

"तिथं समदे मले ओळखतीन रे बाप्पा. मी कोणालेच नाही ओळखलं तं?"