वाळूमाशीचा वाळूशी संबंध नसतो

तीर्थस्वरूप मामांस भाच्याचा नमस्कार.

वि. वि. तुमचे गुडघे कसे आहेत, मामींचा खोकला गेला का, आणि शेजाऱ्याशी कुंपणावरून चाललेलं मिटलं का, हे तीन प्रश्न आधीच विचारून घेतो. पुढे सवड होणार नाही. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे, पण ते खोटं होईल. आईला काळा आजार झाला. घाबरू नका (माझं घाबरून झालंय, दोघांनी घाबरण्यात अर्थ नाही). महिनाभर ताप येत-जात होता, प्लीहा सुजली होती. पण निदान वेळेत झालं, इंजेक्शनं चालू आहेत, ताप उतरलाय, आणि वॉर्डातल्या सगळ्या नर्सना तिने सुना करून टाकलंय. शुक्रवारी घरी सोडणार आहेत. काळजी आहे ती त्याचीच. कारण घरी आली की ती पुन्हा त्याच मागच्या खोलीत, त्याच भिंतीला खाट लावून झोपणार. कोणती भिंत, ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्हाला ठाऊक आहेच की मी आरोग्य खात्यात माश्या पकडतो. (मागे एका लग्नात तुम्ही पाहुण्यांना सांगितलंत की भाचा माश्या मारतो. मारत नाही हो, पकडतो. आम्हाला जिवंत लागतात.) या आजाराची माशी म्हणजे वाळूमाशी. डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, अंगभर केस, बसली की पंख उभे धरून बसते. आवाज म्हणून करत नाही. धड उडताही येत नाही बिचारीला, भिंतीवर टुणटुण उड्या मारत सरकते, आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकातून खुशाल आत शिरते. चावते ती फक्त मादी. आजारी माणसाला चावून ती दुसऱ्याला चावली की आजार इकडचा तिकडे. आम्ही उजाडताना लोकांच्या घरी जाऊन बॅटरीच्या उजेडात भिंती बघतो. काचेच्या नळीला रबरी नळी जोडलेली, तिचं टोक तोंडात. माशी दिसली की श्वास ओढायचा, माशी काचेत. मध्ये बारीक जाळी असते. (ती फाटलेली होती त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.)

आता मूळ गोंधळ ऐका. चार महिन्यांपूर्वी मला वाटलं, जगाला शहाणपण शिकवतो, आपल्या गल्लीलाही शिकवावं. आमच्या ओट्यावर बायका जमवल्या, पोस्टर लावलं, आणि म्हणालो, मंडळी, आपला शत्रू म्हणजे वाळूमाशी. एवढ्यात ऑफिसातून तातडीचं बोलावणं आलं आणि मी सायकलवर टांग टाकून निघून गेलो. भाषण एका वाक्याचं झालं. पुढचं आईने पूर्ण केलं. माशी वाळूची, म्हणजे वाळू गेली की माशी गेली, इतका सरळ हिशोब. अहो, त्या माशीचं नाव पडलंय तिच्या रंगावरून. बाकी नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! पण हे सांगायला मी होतो कुठे? संध्याकाळी परत आलो तर समोरच्या बांधकामाची वाळू गायब, शाळेतला लांब उडीचा खड्डा रिकामा, आणि पेट्रोल पंपावर आग विझवायला ठेवलेल्या वाळूच्या लाल बादल्या पालथ्या पडलेल्या. पंपावरचा माणूस आमच्या दारात उभा, आणि आई त्यालाच आरोग्याचे नियम समजावतेय. मागच्या भिंतीला गिलावा करायचा म्हणून मी तीन पोती वाळू आणून ठेवली होती, ती तिने सगळ्यात आधी रस्त्यावरच्या खड्ड्यांत ओतली होती. खड्डे बुजले, हे मात्र कबूल करायला हवं.

वाळू गेली, माश्या होत्या तिथेच. कारण ही माशी अंडी घालते ओलसर, अंधाऱ्या मातीत, जिथे शेण, विष्ठा, पालापाचोळा कुजत असतो. अळ्यांचं खाणं तेच. मोठी झाली की दिवसा भिंतीच्या भेगांत दडून बसायचं आणि अंधार पडायला लागला की बाहेर यायचं. आता आईच्या कोंबड्यांचं खुराडं त्या मागच्या भिंतीला बाहेरून टेकवलेलं. म्हणजे भिंतीपलीकडे बाळंतपण, भिंतीत बिऱ्हाड, आणि अलीकडे आई.

पुढे ऑफिसने आमच्या भागातली चाळीस घरं तपासली. सर्वात जास्त माश्या कुणाच्या घरात निघाल्या असतील? दिव्याखाली अंधार, मामा. साहेबांनी पत्ता वाचला, माझ्याकडे बघितलं, परत पत्ता वाचला. मग ते स्वतः भिंत बघायला आले. भिंतीच्या डाव्या अर्ध्या भागाला तुमचा गिलावा आहे, तिथे दोन माश्या. (त्याही वाट चुकलेल्या असणार.) उजव्या अर्ध्या भागात नुसत्या मातीच्या विटा, तिथे सदतीस. साहेब चकित झाले. म्हणाले, एकाच भिंतीवर इतका चोख प्रयोग त्यांनी आयुष्यात पाहिला नाही, कुणी मांडला? मी म्हणालो, एका बहीण-भावाने, अकरा वर्षांपूर्वी.

चूक कुणाची, यात मला पडायचं नाही. भर गल्लीत तिने तुमचं काम ओळंब्यात नाही, भिंत तिरकी दिसते असं म्हणायला नको होतं. तुम्हीही थापी धुऊन, पिशवीत टाकून, चहाचा कप अर्धा ठेवून चालू पडायला नको होतं. पण तुम्हाला वाटत असेल की तिला तुमची किंमत नाही, तर तेवढं मात्र चुकीचं. या अकरा वर्षांत मी तीन गवंडी आणले. पहिल्याला तिने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, दुसऱ्याला हात दाखवायला लावले आणि हे गवंड्याचे हात नव्हेत म्हणून निकाल दिला. तिसरा जरा बोलका होता. डावीकडचा गिलावाही काढून नवा करू म्हणाला. त्याला तिने जे ऐकवलं ते मला पत्रात लिहिता येत नाही. भावाने अर्धं सोडलंय तर अर्धंच राहील, पण दुसऱ्याचा हात लागणार नाही, हे तिचं म्हणणं. हट्टाला काही औषध असतं का? ताप चढलेला असतानाही ती गार लागतं म्हणून त्याच विटांना पाठ लावून पडायची. मला फार राग यायचा, आणि त्याहून जास्त भीती वाटायची.

मी माझ्या परीने केलंय. कोंबड्या लांब हलवल्या, माती खरवडली, बारीक जाळीची मच्छरदाणी आणली, खात्याने फवारणीही केली. पण फवारणी उतरते, भेगा राहतात. असो. मामींना नमस्कार. लिहिण्यात अधिक-उणं झालं असेल तर भाचा म्हणून सोडून द्या.

आपला,
माशीवाला

ता. क. कुशल विचारायला पत्र लिहिलं, असं तुम्हाला वाटलं असेल तर ते वाटू द्या. पण गुरुवारी थापी घेऊन याल का? वाळू परत आणली आहे आणि ऑफिसात ताडपत्रीखाली लपवली आहे.

ता. क. २. हे आईला न विचारता लिहितोय. तिच्यासमोर सहज आलो असं म्हणा.

बाळ्या, पोरगा माझा डबा धुवायला गेलाय तेवढ्यात त्याचं हे पत्र वाचलं. माश्यांचं बरोबर लिहिलंय, वाळूचं वाढवून लिहिलंय. मी शुक्रवारी घरी जाणार नाही. तू आलास की जाईन, तोवर इथेच खाट अडवून बसते, डॉक्टर काय करतात बघू. गिलावा नाही केलास तरी चालेल. बसमध्ये मागच्या सीटवर बसू नकोस, तुला मळमळतं.