शोधत आहेत, शोधलं आहे, शोधलं

चोंची, ४ जून १९९६

ती. एदेल्मिरावन्संना,
नेलिदाचा सा. न. वि. वि.

रोसामेल संध्याकाळचं जेवण वाढून डेकवर गेला आणि पहाटे पाव भाजायला भटारखान्यात आला नाही, याहून जास्त अजून काही कळलेलं नाही. जहाज तेव्हा आफ्रिकेच्या दक्षिणेला होतं.

जहाज कंपनीचे निरोप प्वेर्तो मोंतच्या एजंटकडचे गाल्यार्दो आपल्या भाषेत करून सांगतात. पण ते भले गृहस्थ, प्रत्येक वाक्य मऊ करूनच माझ्या हातात देतात. म्हणून मी काल फोन-केंद्रातून थेट कंपनीलाच फोन लावला. तिथल्या माणसाला स्पॅनिश येत नाही, मला इंग्रजी येत नाही. तो सावकाश, दोनदा बोलला. कानावर पडलं तसं लिहून घेतलं: वुई आर सर्चिंग. सर्च म्हणजे शोधणं हे शब्दकोशात सापडलं. ते आर आणि इंग कशासाठी? मामंजी सारखे विचारतात, शोधतायत ना? त्यांना काय सांगू?

मला शिकवा, वन्सं. तुमच्या भावाला इंग्रजी शिकवताना तुम्ही हात टेकलेत, पण मी तेवढी ढ नाही.

मामंजींचा खोकला कमी आहे. बटाट्याचे मिल्काओ खातात, आणि रोसामेलच्या हातची चव नाही म्हणून मला बोलतातही.

माझ्याकडे तुमचं लक्ष असंच असू द्या.
तुमची,
नेलिदा


वालपाराइसो, ११ जून १९९६

चि. सौ. नेलिदास,
एदेल्मिराचे अ. उ. आ.

तो ढ नव्हता गं, आळशी होता. बघ, काय लिहून बसले. आळशी आहे. सगळं जहाज एका साध्या वर्तमानकाळावर चालवतो: आय कुक, यू ईट. काल, आज, उद्या सगळं त्यातच बसवतो, आणि कप्तान कधी उपाशी राहिला नाही म्हणून मलाच ऐकवतो.

आता नीट वाच. आर सर्चिंग म्हणजे शोधत आहेत. तू फोन कानाला लावून उभी होतीस त्या वेळी शोध चालू होता, मधेच कुठेतरी होता. नुसतं वुई सर्च म्हणाला असता तर, आम्ही शोधत असतो, तो आमचा रिवाजच आहे, असं झालं असतं. तेव्हा आर आणि इंग दोन्ही लागतात, आणि दोन्ही आपल्या बाजूचे आहेत. बाबांना बेधडक सांग, शोधतायत.

पुढच्या वेळी क्रियापदाच्या आधी काय येतं तिकडे कान दे. आर ऐवजी हॅव आलं तर मला लगेच लिही.

घरात लाकडं पुरेशी आहेत ना? जेवत जा. मी इथून तुमच्या दोघांकडेच डोळे लावून बसले आहे.
तुझी,
एदेल्मिरा


चोंची, २७ जून १९९६

ती. वन्संना,
नेलिदाचा सा. न. वि. वि.

हॅव आलं. वुई हॅव सर्च्ड, असं म्हणाला. मी परत विचारलं, त्यानं परत तेच सांगितलं. माणूस वाईट नाही, माझ्यासाठी हळू बोलतो.

मामंजींना मात्र शोधतायत असंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मेंढ्यांना चारा घालायला गेले. पाऊस आठवडाभर थांबलेला नाही.

वन्सं, यात आशेला काही जागा उरते का? वर्गात सांगता तसं सांगा. भावजयीला समजावतात तसं नको.

रागावू नका, लोभ ठेवा.
तुमची,
नेलिदा


वालपाराइसो, ४ जुलै १९९६

चि. नेलिदास,
अ. उ. आ.

वर्गात सांगते तसंच सांगते. हॅव सर्च्ड म्हणजे शोधून झालं आहे. आपण चिलीतली माणसं असं फारसं बोलतच नाही. शोधलं म्हणतो आणि मोकळे होतो. इंग्रजीत मात्र फरक करतात. हॅव असेपर्यंत ती गोष्ट आजच्या दिवसाला चिकटलेली असते, तिचं काहीतरी आज हातात असतं. त्यांच्या हातात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणजे काही नसावं. हॅवही गेलं आणि नुसतं सर्च्ड उरलं, तर ते मागे टाकून पुढे गेले असं समज.

काल मुलींना गॉन आणि बीन शिकवायचं होतं. ही हॅज बीन टु सी, म्हणजे समुद्रावर जाऊन आला. ही हॅज गॉन टु सी, म्हणजे गेला आहे, अजून आलेला नाही. दुसरं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि खडू खाली ठेवला. मुलींनी निमूटपणे वह्या मिटल्या. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

बाबांना काय सांगायचं ते तुझ्यावर सोपवते. माझ्यात ती हिंमत नाही. सुट्टी लागली की बस धरते.

स्वतःला जप, माझ्यासाठी तरी.
तुझी,
एदेल्मिरा


चोंची, १५ जुलै १९९६

ती. वन्संना,
नेलिदाचा सा. न. वि. वि.

या वेळी मीच विचारलं: आर यू सर्चिंग? तो नो म्हणाला. मग म्हणाला, वुई सर्च्ड, इन मे अँड जून. तुम्ही महिन्यांचं काही लिहिलं नव्हतं, पण त्यानं महिने जोडल्यावर मला समजलं. ज्याला महिना लावता येतो ते संपलेलं असतं.

नंतर त्यानं विचारलं, वॉज ही हॅपी? अख्खं वाक्य कळलं, वन्सं. पहिल्यांदाच. इज म्हणण्याइतकं इंग्रजी मला आता येतं. जिभेवर आलंही होतं. मी म्हटलं, यस, ही वॉज. त्यानं थँक यू म्हणून फोन ठेवला. केंद्रातल्या बाईनं मला बसायला खुर्ची दिली.

काल मामंजी चुलीपाशी बसले होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं. मी म्हटलं, शोधलं. त्यांनी चुलीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाले, "आता मोठी मेंढी कापायला हवी, नेलिदा. त्याच्यासाठी नऊ दिवस प्रार्थना झाली की गाव जेवायला येईल."

शुक्रवारी प्रार्थना सुरू होते आहे. लवकर या. पाव मी करते आहे, चांगला होत नाही.

जेवढी माया तुम्हाला झेपेल तेवढीच पाठवा, आम्ही पुरवून घेऊ.
तुमची,
नेलिदा