मध्यंतराचं पाणी

इपोह, ४ मार्च १९८७
इक ओंकार

चि. रेशमला थोरल्या भावाचे, वीरजी अजमेरसिंगचे पोटभर आशीर्वाद.

आठ देशांचे हॉकी संघ दाखल झाले. त्यांची सोय बघणाऱ्या समितीत नऊ जण आहेत. त्यांतल्या एकालाही स्टिकची चपटी बाजू कोणती ते सांगता यायचं नाही, पण कोटावरचा बिल्ला मात्र बशीएवढा! सुलतानी किताबवाले अध्यक्ष दातो परवा मैदान बघायला आले आणि ओलं का, म्हणून वैतागले. बापूजींनी सांगितलं, हे गवत प्लास्टिकचं आहे. सामन्याआधी आणि मध्यंतरात पाणी मारलं नाही तर चेंडू उड्या मारतो, पोरांचे गुडघे सोलतात. दातोंनी विचारलं, मग आमच्या बुटांचं काय?

तरी एक गोष्ट कबूल केलीय. तीस वर्षं मैदान राखल्याबद्दल बापूजींना अंतिम सामन्याला मोठ्या मांडवात नावाची खुर्ची, आणि मध्यंतरात कथलाची थाळी. बापूजी वरवर कशाला, कशाला म्हणतात आणि निळी पगडी तिसऱ्यांदा खळीत घालतात. तू ये. लोभ आहेच, तो विमानात बसवून आण.

तुझा वीरजी

कुचिंग, ९ मार्च

वीरजींना रेशमचा सत श्री अकाल.

समितीत तुम्हाला घेतलं नाही, हाच तिचा मोठा गुन्हा दिसतोय! माझ्या शाळेत परीक्षा आहेत, यायला जमणार नाही. पण एक करा, खुर्चीवर नाव चिकटवलंय का ते स्वतः बघून या. नाही मिळाली तर बापूजी चकार शब्द काढणार नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटते. आपल्या आई, बीजी गेल्या तेव्हाही महिनाभर मुकाट्याने मैदानावर पाणीच मारत होते. नवा चष्मा घालतात ना? की खिशातच मिरवतात? माया असू द्या, टोमणे कमी करा.

तुमची रेशम

इपोह, १७ मार्च

चि. रेशमला आशीर्वाद.

काय सांगू! खुर्चीवर समितीच्या सेक्रेटरीची सासू बसली होती, हॉकीकडे पाठ करून. थाळी गेली डबाबंद दुधाच्या एजंटाला. त्याने म्हणे फलक लावले. बापूजी पगडी सावरून नेहमीच्या जागी, पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी जाऊन उभे राहिले.

मध्यंतर झालं. नऊच्या नऊ जण मैदानाच्या मधोमध रांगेत, आणि दातोंचं भाषण सुरू. पंचाने हात वर केला की पाणी सोडायचं, ही आपली पद्धत. बिचारा पंच कडेला उन्हात शिजत होता. त्याने हात वर केला आणि बापूजींनी व्हॉल्व्ह उघडला. सहाही फवारे एकदम! दातोंचा केसांचा टोप उडून थेट गोलात. साऱ्या स्पर्धेतला सर्वांत स्वच्छ गोल तोच.

समितीने चौकशी मांडली. पंच म्हणाला, मी खूण केलीच नव्हती, घाम पुसत होतो. मी गयावया करून सांगितलं, म्हाताऱ्याची नजर अधू आहे, दिसलं नसेल. ते मूर्ख विरघळले! आता ठराव झालाय: बापूजींना समितीतर्फे नवा चष्मा, मांडवात, समारंभाने. तू बापूजींना दोन ओळी लिही, नजरेचं ऐकून खचले असतील.

तुझा वीरजी

इपोह, २६ मार्च
इक ओंकार

लाडक्या रेशमला बापूजींकडून डोक्यावर हात.

तुझं सांत्वनाचं पत्र पोचलं. अजमेर घरातसुद्धा मला हाताला धरून चालवतो. मी चालू देतो. तुला म्हणून सांगतो, त्याला कळवू नकोस. पंचाच्या हातात रुमाल होता. पांढरा, निळ्या काठाचा, कोपऱ्यात जरा उसवलेला.

रविवारी समारंभ आहे. खुर्चीवर या वेळी माझं नाव लावलंय, मी कुंपणाबाहेरून वाचून आलो. पगडी वाळत घातली आहे. तू घेऊन दिलेला चष्मा घालूनच जाणार आहे. त्यांच्यातल्या कुणाच्या लक्षात येतं, ते बघायचंय.

जेवत जा वेळेवर.

बापूजी