चार-सतरा क्रमांकाचा अर्ज

डोर्न, नेब्रास्का
११ मे १९७७

चि. आर्नोस,

अ. उ. आ.

तुझं पत्र कालच मिळालं. न्यू बार्मेनच्या चर्चच्या मंडळीने तुला विभागीय अधिवेशनाचा प्रतिनिधी निवडलं हे वाचून आधी मला हसूच आलं. नाताळच्या कार्यक्रमात मेंढपाळाची एक ओळ म्हणायची होती, तर तू स्टेजवर ओकला होतास. आता तीनशे माणसांत बसणार म्हणे! तुझी व्हर्ना तुला तो तपकिरी कोट घालून पाठवेल. तो घालू नकोस. बाबांच्या मातीलाच तो काखेत उसवला होता.

आता कामाचं लिहिते, नीट वाच. आमच्या चर्चचे पाळक हिन्झ फेब्रुवारीपासून निलंबित आहेत हे तुला ठाऊक आहे. का, तेही ठाऊक आहे, पण अधिवेशनात तुला बोलायचं आहे म्हणून पुन्हा सांगते. धान्याचं कोठार स्फोटात उडालं त्या दिवशी माझा गिल्बर्ट आणि लॅडी वोंड्रा एकाच मजल्यावर होते. जे हाती लागलं त्यात कोण गिल्बर्ट आणि कोण लॅडी हे डॉक्टरालाही सांगता येईना. मग दोन पेट्या आणि एकच माती, एवढंच उरलं होतं. लॅडी कॅथलिक, म्हणून फादर कुचेरा आले. पाळक हिन्झना मीच म्हटलं, की दोघांनी मिळून म्हणा, मला माझा नवरा अर्धा-अर्धा पुरायचा नाही. आपला पाळक दुसऱ्या पंथाच्या धर्मगुरूबरोबर उभा राहून प्रार्थना करत नाही, हा नियम तुला मी काय सांगायचा. त्यांनाही तो तोंडपाठ होता. तरी ते उभे राहिले. प्रभूची प्रार्थना म्हटली, दुसरं काही नाही. तेवढ्यावर तीन पाळकांनी तक्रार केली, आणि त्यात एक सही तुमच्या लोमायरची आहे.

निलंबन उठवावं असा अर्ज आमच्या मंडळीने अधिवेशनाकडे पाठवला आहे. छापील पुस्तकात त्याचा क्रमांक चार-सतरा. पण आमचा माणूसच तिथे नसणार. एडविन श्टोल्झ प्रतिनिधी होता, तो त्या आगीत भाजला आणि अजून दवाखान्यात आहे. त्याच्या जागी दुसरं नाव पाठवलं, तर कागद परत आला. त्यावर पाळकाची सही लागते, आणि निलंबित पाळकाची सही चालत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी बोलायचं त्याच्याचमुळे आमचं तोंड बंद. म्हणून तू उठायचंस. फार बोलू नकोस. ते मी मागितलं होतं, एवढंच सांग.

मुलांना गोड पापा. व्हर्नाला नमस्कार. माया आहे ती आटू देऊ नये.

तुझी,
लिओनाताई


न्यू बार्मेन
२० मे १९७७

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

ओकलो होतो ते खरं, पण त्याला तुझी रूबार्बची खीर कारण होती. हे तू दर वेळी सोयीने विसरतेस.

ताई, मी उठेन. तुला शब्द देतो. आई गेल्यावर मला शाळेचे बूट कुणी घातले ते मी विसरलेलो नाही. लोमायर शेजारी बसणार, पाळक आणि प्रतिनिधी जोडीनेच बसतात, पण त्याने काय होतं? मी त्यांना आधीच सांगून टाकलं की बहिणीच्या अर्जावर मी बोलणार आहे. ते म्हणाले, प्रत्येक प्रतिनिधीने स्वतःच्या विवेकाप्रमाणे मत द्यावं, मंडळीसुद्धा त्याला बांधून पाठवू शकत नाही. अगदी नीट बोलले. चार नंबरच्या समितीवर ते स्वतः आहेत, अर्ज त्यांच्याकडेच जाणार, असंही म्हणाले. वाईट माणूस नाही ग तो. व्हर्ना दवाखान्यात होती तेव्हा महिनाभर रोज चाळीस मैल गाडी हाकत यायचा.

गहू बरा आहे. पाऊस दोनदा हुकला. धाकट्याच्या पायाचं प्लास्टर निघालं, आता तो मुद्दाम लंगडतो. हिन्झसाहेबांना सांग की काळजी करू नका. नवा शर्ट घेतला आहे. निळा.

तुझा,
आर्नो


न्यू बार्मेन
१६ जून १९७७

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

परवा संध्याकाळी घरी पोचलो. चार दिवस कॉलेजच्या व्यायामशाळेत लोखंडी खुर्च्यांवर बसून कंबर मोडली. पंखे एवढे मोठ्याने फिरत होते की माईकवरचं निम्मं ऐकू येत नव्हतं. अध्यक्ष निवडायला चार वेळा मतदान झालं. दर वेळी चिठ्ठ्या गोळा करायच्या, मोजायच्या, तोवर आपण भजन म्हणायचं. तिसऱ्या वेळेला सगळ्यांचा गळा बसला. जेवण बायकांच्या मंडळाने दिलं, हॅम आणि बटाट्याची कोशिंबीर, चारही दिवस तेच. माझ्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा दुपारी घोरायचा आणि मतदानाला बरोबर जागा व्हायचा.

तुमच्या अर्जाचं म्हणशील तर चार-सतरा स्वतंत्रपणे चर्चेला आलाच नाही. शेवटच्या दुपारी वेळ कमी पडला, माणसांना गुरांच्या धारेला घरी पोचायचं होतं. दीडशेच्या वर अर्ज होते, त्यातले पंचवीससुद्धा बोलून झाले नसतील. मला वाईट वाटलं. तीन वर्षांनी पुन्हा अधिवेशन आहेच.

कापणी सोमवारी सुरू करतो. व्हर्ना तुला चेरीचा मुरांबा पाठवते आहे.

तुझा,
आर्नो


डोर्न
२ जुलै १९७७

चि. आर्नोस,

अ. उ. आ.

मुरांबा मिळाला. बरणीला तडा होता, पण गळला नाही.

पाळक हिन्झना अध्यक्षांच्या कचेरीतून पत्र आलं. अर्ज चार-सतरा अधिवेशनाने ठरावाने निकालात काढला, सबब निलंबन कायम, आणि पाळकाचं घर ऑगस्टअखेर रिकामं करावं. मला वाटलं काही घोटाळा असेल, कारण तू तर लिहिलंस की तो आलाच नाही. मग छापील कार्यवृत्त आलं. तेवीस तारखेपासून मी ते वाचते आहे. एवढं नेटाने मी बायबलही वाचलेलं नाही.

पान एकशे बारावर आहे. समितीने नाकारलेले अर्ज एका गाठोड्यात बांधले, त्यांचे क्रमांक वाचून दाखवले, आणि सगळ्यांवर एकच मत घेतलं. क्रमांकांत चार-सतरा आहे. त्याच्या खालच्या ओळीतही एक गोष्ट छापली आहे. कुणाही एका प्रतिनिधीने उभं राहून क्रमांक सांगितला, की तो अर्ज गाठोड्यातून बाहेर काढून चर्चेला घ्यावाच लागतो. दुसऱ्याचा पाठिंबा लागत नाही. कारण सांगावं लागत नाही. त्या दिवशी दोन अर्ज तसे काढले गेले. एक कॉलेजच्या नव्या छपराचा, एक भजनाच्या पुस्तकाच्या रंगाचा.

आर्नो, क्रमांक वाचले तेव्हा तू कुठे होतास? बाहेर गेला असशील तर तसं लिही. पंख्यांमुळे ऐकू आलं नसेल तर तसं लिही. मी विश्वास ठेवीन. हिन्झसाहेबांनी एकही खोकं भरलेलं नाही, कारण मी त्यांना सांगितलं होतं की माझा भाऊ तिथे आहे. एकसष्टाव्या वर्षी ते कुठे जातील, मला कळत नाही.

ताई


न्यू बार्मेन
१० जुलै १९७७

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. व्हर्नाला दाखवलेलं नाही.

मी खुर्चीवर होतो. पंखे फिरत होते, पण ऐकू आलं. समितीचा अध्यक्ष एक-एक क्रमांक वाचत होता आणि मी बोटाने पुस्तकात खूण करत होतो. चार-तीन, चार-आठ, चार-अकरा, चार-सतरा. मग तो म्हणाला की कुणाला काही बाहेर काढायचं असेल तर उभं राहावं. तो थांबला. बराच थांबला, ताई. घाई केली असं मला म्हणता येणार नाही. दोघं उठले, छपराचा आणि पुस्तकाचा. तो पुन्हा थांबला.

मी गुडघ्यांवर हात ठेवले. अंग पुढे टाकलं. लोमायर शेजारी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेनला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं, एवढंच. मला तो दवाखान्याचा महिना आठवला. मला वाटलं, रविवारी यांच्याच हातून प्रभुभोजन घ्यायचं आहे, आणि येत्या वसंतात थोरल्याला मंडळीत घेण्याचा दृढीकरणाचा विधी यांच्याच हातून व्हायचा आहे. उठलो नाही.

मग मत घेतलं. सगळे अर्ज नाकारण्याच्या बाजूने असतील त्यांनी हो म्हणावं. मी हो म्हणालो. गप्प बसता आलं असतं, निदान तेवढं तरी. सगळे म्हणत होते म्हणून मीही म्हणालो. उलट कुणी बोललं नाही. नंतर आम्ही स्तुतिगीत म्हटलं आणि गाड्यांकडे गेलो.

तुला खोटं लिहिलं नव्हतं, असं मी महिनाभर स्वतःला सांगत होतो. चर्चेला आला नाही, हे खरंच होतं. तू मला काय म्हणायचं ते म्हण. हिन्झसाहेबांना हे पत्र दाखव. दाखवायचं नसेल तर जाळ. मला क्षमा मागायचीही लाज वाटते.

तुझा,
आर्नो


डोर्न
२४ जानेवारी १९७८

चि. आर्नोस,

अ. उ. आ.

तुझी पाच पत्रं, सफरचंदांची पेटी आणि नाताळचं कार्ड, सगळं पोचलं. उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसले की हात शिव्याच लिहायचा.

पाळक हिन्झ सोळा तारखेला गेले. ऑगस्टपासून ते हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत राहत होते आणि खाली खिळे तोलून द्यायचे. गिऱ्हाईक त्यांना पाळकसाहेब म्हणे, तर ते कानाला हात लावत. सकाळी दुकानदार जिना चढून वर गेला, तेव्हा ते पलंगावर बुटांसकट बसलेले होते. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाला. तुझं पत्र मी त्यांना दाखवलं होतं, जुलैतच. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि म्हणाले की या मुलाला फार एकटं वाटत असेल, त्याला लिही. मी लिहिलं नाही. ते माझ्या माथी.

माती वीस तारखेला केली. विभागातला एकही पाळक परवानगीशिवाय यायला तयार नव्हता, आणि परवानगी कुणी मागितली नाही. एडविन श्टोल्झने खुर्चीत बसून, भाजलेल्या हातांनी पुस्तक धरून वाचलं. पानं मी उलटत होते. फादर कुचेरा आले होते. मी त्यांना आत बोलावलं, तर नको म्हणाले, मेलेल्या माणसावर आणखी एक तक्रार नको. तारेच्या कुंपणाबाहेर गुडघाभर बर्फात टोपी काढून उभे राहिले. प्रभूची प्रार्थना सुरू झाली तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

त्यांच्या मागे रस्त्यावर एक हिरवी पिकअप उभी होती. डाव्या दाराला पोचा आला आहे, तो तू फाटकाला धडकलास तेव्हाचा, मला ठाऊक आहे. इंजिन चालू होतं, काच वाफेने धुरकटली होती. नव्वद मैल तू त्या बर्फातून आलास. मी वाट पाहिली. एडविनला शेवटचं पान मुद्दाम हळू वाचायला लावलं. मग सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि तू गाडी वळवून निघून गेलास.

फादर कुचेरांच्या शेजारी जागा होती, आर्नो. दार उघडून उतरायचं होतं, एवढंच.

वसंतात गिल्बर्टचा दगड बसवायचा आहे. लॅडीचाही त्याच दिवशी, शेजारी. ये. कोण प्रार्थना म्हणणार ते मी तुला आधी सांगणार नाही, आणि तू कुणाला विचारू नकोस. मला दुसरा भाऊ नाही. पण गाडीत बसून राहायचं असेल तर घरीच बस.

ताई